पहिल्या धारेतले शिसे आणि मीटरपाशी संपणारी हद्द

चिरेबंदी (धागाकर्ता)

गोव्यात बार्देसमधले आमचे घर चिऱ्यांचे आहे, आजोबांनी बांधलेले. स्वयंपाकघरात दोन नळ आहेत. एक सरकारी पाण्याचा आणि दुसरा विहिरीचे पाणी पंपाने चढवून भरलेल्या टाकीचा. सरकारी पाणी आले नाही की दुसरा नळ सोडायचा, इतकाच आमचा हिशेब होता आणि त्या पाण्याविषयी घरात कोणी कधी शंका घेतली नव्हती. गेल्या चवथीला भाची आपल्या चार महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती. बाळ वरच्या दुधावर होते, म्हणून तिने आधीच फोन करून विचारले, "मामा, तुमचे पाणी कधी तपासून घेतले आहे का?" घेतले नव्हते.

मी एका खाजगी प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या मुलाने निर्जंतुक केलेली बाटली हातात दिली आणि नळ पाच मिनिटे सोडून ठेवा, तोटी ज्योतीने शेकून घ्या, मग बाटली भरा, असे बजावले. मी ते तंतोतंत पाळले. अहवालात जंतू नव्हते आणि वेगळे पैसे भरून करून घेतलेली शिशाची तपासणीही निर्दोष निघाली. याच संस्थळावरच्या प्रयोगनळी यांना मी तो अहवाल सहज दाखवला, तर त्यांनी एवढेच विचारले की, हे पाणी पाइपात किती वेळ बसलेले होते? जंतूंच्या तपासणीसाठी नळ वाहू द्यायचा असतो, कारण तोटीवरची घाण नमुन्यात यायला नको असते. शिशासाठी नेमके उलटे असते. रात्रभर पाइपात मुरलेले पाणीच त्यासाठी हवे. मला दिलेली सूचना पहिल्या तपासणीपुरती बरोबर होती आणि दुसरीपुरती ती शिसे धुऊन टाकणारी होती.

मग रात्री अकरानंतर स्वयंपाकघरातला नळ कोणी उघडायचा नाही, असे घरात सांगून ठेवले. आईने संध्याकाळीच कळशी भरून ठेवली. सकाळी सहाला दोन्ही नळांची पहिली धार एकेका लिटरच्या बाटलीत धरली आणि तीन मिनिटे पाणी सोडून दुसऱ्या बाटल्या भरल्या. सरकारी नळाच्या दोन्ही बाटल्या मर्यादेत होत्या. विहिरीच्या नळाची पहिली बाटली मर्यादेच्या दुपटीहून थोडी वर गेली, आणि त्याच नळाच्या दुसऱ्या बाटलीत यंत्राला शिसे सापडलेच नाही. म्हणजे विहीर निर्दोष, टाकी निर्दोष, आणि शिसे मिसळत होते ते टाकीपासून तोटीपर्यंतच्या शेवटच्या काही हातांच्या वाटेवर. प्लंबरने ती वाट उकलली तेव्हा बाहेर आले ते एक जुना, चांगला वजनदार पितळी नळ, दोन पितळी जोडण्या आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाच्या आट्यांवर काथ्याबरोबर थापलेला, वाळून खडूसारखा झालेला सफेदा, म्हणजे शिशाच्या संयुगाचा पांढरा लेप.

मर्यादा म्हणजे भारतीय मानक १०५००ची. त्याच्या २०१२च्या आवृत्तीत पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर शिसे चालत नाही आणि त्यात सवलतही ठेवलेली नाही. १९९१च्या आवृत्तीत हाच आकडा ०.०५ होता. आकडा पुरेसा कडक आहे, पण तो जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या दाराशी मोजला तर आमच्या घरातली पहिली बाटली त्याला कधीच दिसणार नाही. सरकारची वाहिनी मीटरपाशी संपते आणि गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे नद्या डोंगरातून येतात, शिसे पाण्यात येते ते बहुतेक मीटरनंतर.

माझे प्रश्न दोन आहेत. मीटरनंतरच्या पाण्याचा वाली कोण? आणि तो जुना नळ, त्या जोडण्या व खरवडलेला सफेदा आता माझ्याकडे एका डब्यात आहे, तो कोणाकडे द्यायचा?

खांडेपार

मी पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य काढले आहे, तेव्हा हे काम सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होते. आता त्यासाठी स्वतंत्र पेयजल खाते झाले आहे. खात्याची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. धागाकर्त्यांच्या निरीक्षणाशी माझा वाद नाही.

ओपा, अस्नोडा, साळावली, चांदेल अशा प्रकल्पांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात शिसे निघण्याचे कारण क्वचितच असते. तुरटीने गाळ बसवला की पाणी थोडे आंबट होते, म्हणून शेवटी चुना घालून त्याचा सामू (म्हणजे पीएच; तो जितका कमी तितके पाणी आंबट) वर आणतात. हा चुना आम्ही पाइप गंजू नयेत म्हणून घालत होतो. त्याने घराघरातल्या पितळेतून सुटणारे शिसेही कमी होते, हे मला फार उशिरा कळले. धागाकर्त्यांच्या सरकारी नळाची बाटली मर्यादेत का राहिली आणि विहिरीची का नाही, याचा एक धागा इथे आहे. आपल्याकडच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. त्याचा सामू अनेकदा ६.५च्या खाली असतो, आणि मानकाला तो ६.५ ते ८.५च्या मध्ये हवा आहे. असे पाणी चवीला गोड लागते आणि धातू खाते.

जुन्या बिडाच्या वाहिन्यांचे सांधे शिशाचेच होते, हे लपवण्यात अर्थ नाही. ते काम मी जवळून पाहिले आहे. एका पाइपाचे टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवायचे, मधल्या फटीत काथ्या ठोकून भरायचा, बाहेरून ओल्या मातीत लडबडलेला दोर गुंडाळायचा, वर एक कान सोडायचा आणि कढईत वितळवलेले शिसे एका दमात आत ओतायचे. मध्ये हात थांबला तर सांधा फुटका राही. आत पाण्याचा थेंब राहिला असेल तर वितळलेले शिसे उसळून थेट तोंडावर येई, म्हणून ओतणारा माणूस नेहमी तिरका उभा राहायचा. गार झाल्यावर छिन्नीने ते ठोकून घट्ट करायचे. जमिनीवर सांडलेले शिसे संध्याकाळी मासेमार जाळ्याला लावायला मागून नेत. त्या माणसांच्या हातावर, डब्यात, घरी मुलांच्या कपड्यांवर किती शिसे गेले असेल, याचा विचार तेव्हा आम्ही कोणी केला नाही. पाण्याच्या दृष्टीने मात्र हे सांधे तितके वाईट नव्हेत; शिसे काथ्याच्या मागे असते, पाण्याला त्याची जेमतेम कड लागते आणि मोठ्या वाहिनीत पाणी सतत हलते असते. पुढे रबरी कड्याचे सांधे आले आणि हे काम मागे पडले.

शिशाची घरजोडणी, म्हणजे रस्त्यातल्या वाहिनीपासून घरापर्यंतचा शिशाचा पाइप, मात्र मी गोव्यात माझ्या नोकरीत एकदाही पाहिली नाही. म्हणून परदेशातल्या बातम्या वाचून इथे रस्ते खणायला सांगू नये. पणजीकरांनी आधीच पुष्कळ खणणे पाहिले आहे.

साष्टीची सून

माझा प्रश्न अगदी घरगुती आहे. आमच्याकडे सगळे पाणी उकळून पितात आणि त्यामुळे सासूबाईंना वाटते की आता काळजीचे कारण नाही. उकळल्याने शिसे जाते का? आणि चवथीला आम्ही गणपतीचे विसर्जन घरच्याच विहिरीत करतो, त्या रंगांचे काय?

प्रयोगनळी

ताई, उकळल्याने शिसे जात नाही. पाणी आटते आणि शिसे तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण किंचित वाढते. क्लोरीन किंवा अतिनील किरणांचा दिवा यांचाही त्यावर काही परिणाम नाही. आरओ यंत्राने ते बऱ्याच अंशी निघते. पण सर्वांत स्वस्त उपाय सकाळी नळ थोडा वेळ सोडून ते पाणी झाडांना घालण्याचा आहे आणि स्वयंपाकाला गरम पाण्याच्या नळाचे पाणी कधीही न घेण्याचा. गरम पाणी धातू अधिक सोडवते.

किती सोडायचे, तेही सांगते. पंधरा मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपात दर मीटरला सुमारे १७७ मिलिलिटर पाणी मावते. अडीचशे मिलिलिटरचा पेला म्हणजे तोटीपासून मागचे साधारण दीड मीटर, ज्यात नळ आणि पहिल्या जोडण्या येतात. टाकी दहा मीटरवर असेल तर पावणेदोन लिटर गेल्यावर टाकीतले ताजे पाणी हाती येते. धागाकर्त्यांची पहिली बाटली म्हणजे शेवटचे साडेपाच मीटर होते, आणि दोषी वस्तू नेमक्या तेवढ्याच अंतरात निघाल्या.

पितळेत शिसे मुद्दाम घालतात. लेथवर कातताना चुरा सुटा पडावा म्हणून सहज कातता येणाऱ्या पितळेत ते २ ते ३ टक्क्यांच्या आसपास असते, आणि कातलेल्या पृष्ठभागावर ते पसरून बसते. म्हणून अगदी कोरा पितळी नळही पहिले काही आठवडे जास्त शिसे सोडतो. नवा नळ बसवून निश्चिंत होऊ नये, हे मी चिरेबंदी यांना आधीच कळवले आहे. पीव्हीसी पाइपातही पूर्वी शिशाची संयुगे स्थिरक म्हणून घालत असत. ती हटवण्यासाठी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम काढले. त्याआधी बसवलेले पाइप भिंतीतच आहेत.

विहिरीतल्या रंगांचे उत्तर तपासणीखेरीज देता येणार नाही. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर २०१६च्या नियमांनी ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भागांची) मर्यादा घातली आहे, पण मूर्तीवर कोणता रंग चढला हे मूर्तिकारालाच ठाऊक. शिसे असेल तर ते बहुतेक तळाच्या गाळात बसते. विहीर उपसताना तो गाळ भाजीच्या वाफ्यात टाकू नका.

लहान मुलांबद्दल एवढेच सांगते की, पोटात गेलेल्या शिशापैकी जितका अंश मोठ्या माणसाचे शरीर शोषून घेते, त्याच्या चार ते पाच पट अंश लहान मूल शोषून घेते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

पणजीची वाट

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. पाणीपुरवठा हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या १७व्या नोंदीचा विषय आहे, म्हणजे जबाबदारी राज्याची. स्वच्छ पाणी हा जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात म्हटले. इतके भक्कम बोलून झाल्यावर खाली उतरलो की पाय ठेवायला जागा सापडत नाही. भारतीय मानक १०५०० हे मानक आहे, कायदा नव्हे. बाटलीबंद पाणी विकणाऱ्याला त्याच्या वेगळ्या मानकाचे बंधन असते, पण नळाने पाणी पुरवणाऱ्या सरकारी खात्याने १०५००ची मर्यादा ओलांडली तर अमुक दंड, असे कलम मला दाखवता येणार नाही. जलजीवन मिशनने हेच मानक पाण्याच्या गुणवत्तेसाठी स्वीकारले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा 'हर घर जल' प्रमाणित झालेले पहिले राज्य ठरले. ती नळाची मोजदाद होती. गावपातळीवर जे तपासणी संच वाटले जातात, त्यांत सामू, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, लोह, फ्लोराइड, उरलेले क्लोरीन अशा गोष्टी पाहतात. शिशासाठी प्रयोगशाळेतले महागडे यंत्रच लागते.

साळगावला असलेल्या राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जावे, असे अनेकांना वाटते. १९७४च्या जल कायद्याने मंडळाला अधिकार दिले ते नदी, ओढा, विहीर यांत घाण सोडणाऱ्यावर. तुमच्या स्वतःच्या पितळी नळाने तुमच्याच पेल्यात सोडलेल्या शिशावर मंडळाचा अधिकार चालत नाही. मीटरनंतरची वाहिनी मालकाची, तिची देखभाल मालकाची, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणून वाली कोण या प्रश्नाचे आजचे उत्तर 'घरमालक' असे आहे, आणि त्या मालकाला आपल्या भिंतीत काय आहे हे सांगण्याची सक्ती नळ विकणाऱ्यावरही नाही. मला स्वतःला यात सर्वांत खटकणारी गोष्ट हीच वाटते. औषधाच्या बाटलीवर घटक छापतात, रंगाच्या डब्यावर शिशाचा उल्लेख सक्तीचा आहे, आणि तोंडाला लागणारे पाणी ज्यातून येते त्या तोटीवर फक्त कंपनीचे नाव.

प्रयोगनळी

मीटरनंतरची जबाबदारी सरकार घेऊच शकत नाही असे नाही, एवढे मला इथे नोंदवायचे आहे. अमेरिकेच्या १९९१च्या शिसे व तांबे नियमात नमुना ग्राहकाच्या स्वयंपाकघरातल्या नळातून, पाणी किमान सहा तास बसू दिल्यावर, पहिल्या एक लिटरचाच घ्यायचा असतो. दहा टक्क्यांहून अधिक नमुन्यांत शिसे लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या (०.०१५ मिलिग्रॅमच्या) वर गेले, तर पाणी पुरवणाऱ्याने पाण्याचे रसायन सुधारायचे, लोकांना कळवायचे, आणि तरीही भागले नाही तर आपल्या मालकीच्या शिशाच्या घरजोडण्या बदलायला घ्यायच्या. म्हणजे नळ ग्राहकाचा असला तरी त्या नळाला न खाणारे पाणी देणे हे पुरवणाऱ्याचे काम, असे त्यांनी धरले.

मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि वाहिन्यांच्या आतल्या थराला जपणारे ऑर्थोफॉस्फेट घातले गेले नाही, त्यामुळे घरांच्या नळांत शिसे उतरले. कडक नियम तिथे होता, पण त्याचा अर्थ लावणारी राज्याची यंत्रणाच चुकली. त्यानंतर त्या राज्याने २०१८ मध्ये केंद्रापेक्षा कडक नियम केला. कारवाईची पातळी २०२५पासून १२ मायक्रोग्रॅम आणि शिशाच्या साऱ्या घरजोडण्या बदलायला वीस वर्षे. शिवाय शिशाची जोडणी असलेल्या घरात पहिल्याबरोबर पाचवा लिटरही तपासायचा, कारण रस्त्यापासून घरापर्यंतच्या पाइपातले पाणी पहिल्या लिटरमध्ये येतच नाही. खांडेपार साहेब म्हणतात तशा जोडण्या आपल्याकडे नाहीत, हे मान्य. आपल्याला पाचवा लिटर नको. पहिला मात्र हवा.

खांडेपार

पहिल्या लिटरला माझी हरकत नाही. प्रश्न असा येईल की, नमुना नापास झाला तर कनिष्ठ अभियंत्याने काय करायचे? मालकाला नळ बदला म्हणून सांगायचे, आणि मालक म्हणेल, तुमच्या पाण्याने झाले. मी असे वाद मीटरवरून रोज ऐकलेले आहेत. त्यापेक्षा पाण्याचा सामू वाहिनीच्या शेवटच्या टोकाला तपासावा आणि चुन्याची मात्रा त्यावरून ठरवावी. हे प्रकल्पावर आजही करता येते, त्याला नवा कायदा लागत नाही. विहिरींच्या पाण्याला मात्र याचा उपयोग नाही, तिथे धागाकर्त्यांसारखे घरमालकच हात घालू शकतात.

वेर्णे पाळी

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझी नोकरीच ती आहे. मी वेर्ण्याच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. आमच्याकडे शिसे असलेला गाळ निघतो तेव्हा काय होते, ते ऐकून चिरेबंदी यांना हेवा वाटेल किंवा हसू येईल.

घातक व इतर कचरा नियम, २०१६ प्रमाणे आधी मंडळाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. गाळ पिंपात भरला की पिंपावर नमुना ८चे लेबल लागते, रोजच्या नोंदी नमुना ३मध्ये होतात, आणि पिंप नव्वद दिवसांहून जास्त आवारात ठेवता येत नाही. गाडी निघताना नमुना १०ची पावती सात प्रतींत होते. पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी आणि राखाडी. पांढरी मंडळाला, पिवळी आमच्याकडे, आणि पुढच्या प्रती वाहतूकदार व स्वीकारणारा यांच्यात फिरून निळी आमच्याकडे परत येते. निळी आली नाही तर मला झोप येत नाही. राखाडी प्रत माल दुसऱ्या राज्यात गेला तरच लागते. पूर्वी ती आम्हाला बरीच लागायची, कारण गोव्यात विल्हेवाटीची सोयच नव्हती आणि माल बाहेरच्या राज्यांत जात असे. आता सत्तरीतल्या पिसुर्ले येथे कचरा व्यवस्थापन महामंडळाचा सामाईक प्रकल्प आहे.

या सगळ्याच्या तुलनेत चिरेबंदी यांचा डबा. घराला अधिकारपत्र लागत नाही, पावती लागत नाही, आणि म्हणून तो डबा आमच्या साखळीत शिरूच शकत नाही. मी उद्या तो माझ्या पिंपात टाकला तर तो माझ्या अधिकारपत्राबाहेरचा कचरा ठरेल. म्हणजे कारखान्याच्या शिशाचा प्रत्येक ग्रॅम कागदावर, आणि त्याच शिशाचा घरातला तुकडा भंगारवाल्याच्या सायकलवर. त्याच्याकडून तो अड्ड्यावर, तिथून वितळवणाऱ्याकडे, आणि पितळेतले शिसे वितळताना धुरावाटे कोणाच्या तरी अंगणात.

पणजीची वाट

घरासाठी कागद अगदीच कोरा नव्हता. २०१६च्याच घनकचरा व्यवस्थापन नियमांनी 'घरगुती घातक कचरा' ही तिसरी वर्गवारी केली. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, फुटलेला थर्मामीटर, जुन्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे अशी तिची यादी होती आणि दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक संकलन केंद्र उभारायचे काम स्थानिक संस्थांवर टाकले होते. गोव्याचा आकार पाहता हा आकडा अवघड नव्हता. शिशाच्या बॅटरीसाठी २०२२चे स्वतंत्र नियम आहेत. उत्पादकाने ती परत घेण्याची व्यवस्था लावायची आणि ग्राहकाने ती इतर कचऱ्यात न टाकता वेगळी द्यायची. व्यवहारात तिला भंगाराचा भाव असल्याने ती आपोआप परत जाते. कोणाकडे जाते, हा वेगळा प्रश्न. पितळी नळ मात्र कोणत्याच यादीत नाही. नियमांच्या नजरेत तो सुका कचरा, किंवा सरळ भंगार. अमेरिकेतही घरातला कचरा घातक कचऱ्याच्या कायद्यातून वगळलेलाच आहे, त्यामुळे आपण यात एकटे नाही.

वेर्णे पाळी

एक शंका प्रयोगनळी यांना. आमचा गाळ घातक की नाही हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळा तो आम्लाच्या पाण्यात फिरवून त्या पाण्यातले शिसे मोजते, आणि मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅमची आहे. पिण्याच्या पाण्याची ०.०१. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

प्रयोगनळी

आहे, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका भाग वाटतो. ही चाचणी मुळात अमेरिकी आहे. कचऱ्याच्या वीसपट वजनाचे ॲसिटिक आम्लाचे पाणी घेऊन ते सुमारे अठरा तास फिरवतात. साध्या कचऱ्याच्या ढिगात, कुजणाऱ्या घाणीच्या आंबट रसात हा माल पडला तर त्यातून काय झिरपेल, याची ती नक्कल आहे. तिथून भूजलात आणि विहिरीत पोहोचेपर्यंत शिसे शंभरपट विरळ होईल, असे त्यांनी गृहीत धरले. त्या काळी अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०५ होती. तिची शंभरपट म्हणजे ५. आपल्या २०१६च्या नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत तो आकडा तसाच आला.

आता गंमत पाहा. आपली पिण्याच्या पाण्याची मर्यादा २०१२ मध्ये ०.०५वरून ०.०१वर आली, म्हणजे पाचपट कडक झाली. कचऱ्याची मर्यादा ५वरच राहिली. जुना शंभरपटीचा हिशेब खरा मानला तर ती ०.५ ... नव्हे, १ व्हायला हवी होती (घाईत चूक करत होते). तशी ती झाली नाही, म्हणून आज नियम नकळत पाचशेपट विरळ होण्यावर भिस्त ठेवून आहे. आणि हे मोजमाप करताना मनात धरलेली जमीन आपली नव्हे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, भोकाभोकांचा जांभा आणि ढिगापासून हाकेच्या अंतरावर विहीर, अशा ठिकाणी शंभरपटही खरे धरावे का, हे कोणीतरी तपासायला हवे. चाचणीत ४ मिलिग्रॅम देणारा गाळ आज कायद्याने शिशापुरता घातक ठरत नाही.

सत्तरीकर

इतका वेळ वाचत होतो, पण पिसुर्ल्याचे नाव आले म्हणून लिहितो. आमच्या भागात आधी खाणी आल्या. खाणींनी विहिरींचे पाणी खाली नेले, शेतात लाल चिखल आणला. आता राज्याचा घातक कचरा आमच्या वाट्याला आला आहे. प्रकल्प नियमाने चालला तर तो भंगार अड्ड्यापेक्षा चांगला, हे मला समजते. खाली अस्तर असते, झिरपणारे पाणी गोळा करतात, भोवती भूजलाच्या निरीक्षण विहिरी असतात, हे सगळे आम्हाला सांगितले गेले आहे. चिरेबंदी बाब, तुमचा नळसुद्धा खुशाल आमच्याकडे येऊ द्या. पण त्या निरीक्षण विहिरींचे शिशाचे आकडे पंचायतीच्या फलकावर दर तीन महिन्यांनी लागावेत, एवढी आमची मागणी आहे. तुम्ही पहिल्या धारेसाठी भांडता, तसे आम्ही त्या आकड्यासाठी भांडतो. आणि प्रयोगनळी ताई, ५चा हिशेब तुम्ही इथे लिहिला तो मी छापून ग्रामसभेत वाचणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

प्रयोगनळी

हरकत मुळीच नाही. फक्त माझी ती ०.५ची चूक गाळून वाचा.

साष्टीची सून

कालपासून सकाळचे पहिले दोन तांबे पाणी तुळशीला जात आहे. सासूबाईंना मी शिशाचे कारण सांगितले नाही, तुळशीचे सांगितले. त्या खूश आहेत.

चिरेबंदी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. खांडेपार साहेबांच्या सूचनेप्रमाणे विहिरीच्या पाण्याचा सामू पाहिला, तो ६च्या जवळ निघाला. टाकीच्या तोंडाशी चुनखडीच्या खड्यांची गाळणी बसवून तो वर आणता येतो, असे प्रयोगनळी यांनी सुचवले आहे. ते काम दिवाळीनंतर. नवा नळ बसून पाच आठवडे झाले, तेव्हा पुन्हा एकदा रात्रभर पाणी बसवून पहिली बाटली पाठवली आहे आणि अहवाल आला की इथेच लिहीन.

डब्याचे काय झाले, तेही सांगतो. भंगारवाला नळाचे वजन करून चांगला भाव द्यायला तयार होता, पण खरवडलेला सफेदा त्याला नको होता. पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीवरच्या मुलाला मी आत काय आहे ते प्रामाणिकपणे सांगितले, तर त्याने डबा उघडून पाहिला, झाकण नीट लावले आणि परत माझ्या हातात दिला. "हें आमच्या यादीत ना," म्हणजे नाही, म्हणाला. बरोबर होते त्याचे. सध्या डबा पडवीतल्या वरच्या फळीवर आहे, बाळाचा हात पोहोचणार नाही अशा जागी, आणि त्यावर मी नमुना ८ची नक्कल करून हाताने लेबल लावले आहे. नव्वद दिवसांपैकी एकेचाळीस झाले.